आंकड्यांनीं कोरलेली गिटार

वाद्य हें मनुष्याच्या हातांतून जन्मास येतें आणि यंत्र हें खिळे, नळ्या व मोटारींचे भाग तयार करण्याकरितां असतें, अशी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत आतां पूर्णपणें खरी राहिलेली नाहीं. गिटारीच्या मोठ्या कारखान्यांतून, आणि एकट्यानें काम करणाऱ्या कारागिराच्या लहानशा खोलींतूनहि, संगणकाच्या आज्ञेनें लांकूड कोरणारें यंत्र येऊन बसलें आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास सी. एन. सी. यंत्र म्हणतात. हातानें जें कोरीव काम करण्यास दिवसच्या दिवस लागतात तें हें यंत्र कांहीं तासांत उरकतें. मग साहजिकच प्रश्न पडतो कीं, कारागिराकडे आतां काय उरलें? ज्या मुलास सुतारकामाची किंवा वाद्यें करण्याची आवड आहे त्यानें हातांत पटाशी धरावी, कीं संगणकापुढें बसावें? ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं हें काम प्रत्यक्ष कसें चालतें तें समजून घेणें अवश्य आहे. त्यासाठीं उदाहरण म्हणून आपण गिटारींतील एक अतिशय अवघड जात घेऊं. ती म्हणजे आर्चटॉप, अर्थात् कमानदार गिटार.

आपल्याकडे सामान्यतः जी गिटार दृष्टीस पडते तिची वरची फळी—सतारीच्या कारागिरांचा शब्द योजावयाचा तर तबली—सपाट असते. मधोमध वाटोळें भोंक असतें. घोडी तबलीला पक्की चिकटविलेली असून तारांचीं टोकें घोडींतच अडकविलेलीं असतात. आर्चटॉप गिटारीची रचना निराळी आहे. तिची तबली व पाठ व्हायोलिनप्रमाणें जाड लांकडांतून कोरून फुगीर केलेली असते. वाटोळ्या भोंकाऐवजीं बहुधा दोन बाजूंस इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या वळणाचीं दोन भोंकें असतात. घोडी चिकटविलेली नसून केवळ तारांच्या दाबानें जागेवर बसलेली असते, आणि तारा तिच्यावरून पुढें जाऊन वाद्याच्या शेवटास लाविलेल्या एका पट्टीला अडकविलेल्या असतात.

ह्या रचनेचें कारण पदार्थविज्ञानांत आहे. सहा पोलादी तारांचा एकूण ताण सुमारें ७० ते ८० किलोग्रॅम वजनाइतका असतो. सपाट गिटारींत हा ताण घोडीस ओढून तबलीला पीळ देऊं पाहतो. आर्चटॉप गिटारींत तो ताण शेवटची पट्टी सोसते. परंतु घोडीवरून जातांना तारा किंचित् वांकतात, आणि ह्या वांकण्यामुळें त्या घोडीस खालीं दाबतात. वांक १५ अंशांचा असेल तर हा दाब एकूण ताणाच्या सुमारें एकचतुर्थांश होतो. वरून येणारा असा भार सोसण्यास कमानीसारखा दुसरा आकार नाहीं. नदीवरील दगडी पूल ज्या तत्त्वावर उभा असतो त्याच तत्त्वावर ही तबली उभी असते. आतां दुसरी बाजू पाहा. तारेला स्वतःला फारशी हवा हलवितां येत नाहीं. तिचें कंपन घोडींतून तबलींत उतरतें, आणि तबलीचा रुंद पृष्ठभाग हवेला हलवितो तेव्हांच आपल्याला सूर ऐकूं येतो. म्हणजे तबली भार सोसण्याइतकी बळकट हवी, आणि इशारा मिळतांच थरथरण्याइतकी पातळ व हलकीहि हवी. जाड ठेवली तर वाद्य मुकें होतें. फाजील पातळ केली तर वर्षभरांत खचतें. ह्या दोन गोष्टींचा मेळ घालणें हेंच ह्या वाद्याचें खरें कौशल्य होय.

ह्या पद्धतीचा उगम अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत कॅलामाझू नांवाच्या गांवीं झाला. ऑर्व्हिल गिब्सन (१८५६–१९१८) ह्या कारागिरानें व्हायोलिनची कोरीव कमान मँडोलिन व गिटार ह्या वाद्यांस लावून पाहिली, आणि १८९८ सालीं आपल्या मँडोलिनच्या रचनेवर पेटंट मिळविलें. १९०२ सालीं त्याच्या नांवानें कंपनी निघाली. पुढें १९१९ ते १९२४ ह्या काळांत लॉइड लोर हा संगीतज्ञ त्या कंपनींत होता. त्याच्या देखरेखीखालीं १९२२ सालीं ‘एल-५’ ही ‘एफ’ भोंकांची गिटार बाहेर पडली. ध्वनिवर्धक यंत्रांचा प्रसार होण्यापूर्वींच्या त्या दिवसांत जाझ वाद्यवृंदांतील पितळी वाद्यांच्या गर्जनेंत ऐकूं जाईल अशी गिटार हवी होती, आणि ती गरज ह्या वाद्यानें भागविली. त्यानंतर न्यूयॉर्क शहरांत जॉन डी-अँजेलिको (१९०५–१९६४) ह्यानें १९३२ सालीं आपलें स्वतंत्र दुकान थाटलें आणि मरेपर्यंत सुमारें ११६४ गिटारी केल्या. बत्तीस वर्षें अन् अकराशें चौसष्ट वाद्यें! म्हणजे वर्षाकांठीं सरासरी छत्तीस. हा आंकडा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचा उपयोग आहे.

आपल्या संगीताशींहि ह्या वाद्याचा खरा संबंध आलेला आहे. ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) ह्यांनीं हिंदुस्थानी राग गिटारीवर वाजवून दाखविले, ते अशाच कमानदार गिटारींत फेरफार करून. जयपूरचे विश्वमोहन भट्ट ह्यांची मोहनवीणा हीहि आर्चटॉप गिटारीचेंच रूपांतर होय. तिला वीस तारा असतात. तीन रागाच्या, पांच साथीच्या आणि बारा तरफेच्या. ह्याच वाद्यावर वाजविलेल्या एका ध्वनिमुद्रिकेकरितां त्यांना १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

आतां यंत्राकडे वळूं. योगायोग असा कीं, ह्या यंत्राची कल्पनाहि त्याच मिशिगन संस्थानांत जन्मली. ट्रॅव्हर्स सिटी येथील जॉन पार्सन्स ह्या कारखानदारापुढें हेलिकॉप्टरच्या पंख्याचीं पातीं अचूक घडविण्याचा प्रश्न होता. वक्राकार पात्यावरील पुष्कळशा बिंदूंचीं स्थानें गणितानें काढून, त्या आंकड्यांबरहुकूम कापणारें हत्यार चालवावें, ही युक्ति त्याला सुचली. पुढें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेंत तिला पूर्ण रूप आलें, आणि १९५२ सालीं भोंकें पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा घेणारें यंत्र लोकांना दाखविण्यांत आलें. कालांतरानें फितीची जागा संगणकानें घेतली. प्रथम विमानांकरितां निघालेलें हें यंत्र १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील टेलर गिटार कंपनीसारख्या कारखान्यांत आलें, आणि आज टेबलाएवढीं लहान यंत्रेंहि मिळतात.

ह्या यंत्राचें तत्त्व अगदीं सोपें आहे. आलेख काढतांना कागदावरील बिंदूचें स्थान आपण दोन आंकड्यांनीं सांगतों. एक आडवें अंतर व एक उभें अंतर. त्यांत तिसरें अंतर, म्हणजे उंची किंवा खोली मिळविली कीं पोकळींतील कोणताहि बिंदु सांगतां येतो. यंत्रास तीन दिशांनीं सरकविणाऱ्या मोटारी असतात. त्या दिशांस एक्स, वाय व झेड म्हणतात. मधल्या भागांत एक उभा दांडा मिनिटास कित्येक हजार फेरे घेत फिरतो, व त्याच्या टोंकाशीं पोलादाचें किंवा कार्बाइडचें पातें असतें. संगणक यंत्रास ओळीमागून ओळ हुकूम देतो: ‘जी १ एक्स १२० वाय ४५.५ झेड उणें ३.२ एफ ३०००.’ ह्याचा अर्थ एवढाच कीं, आरंभबिंदूपासून १२० मिलिमीटर लांब, ४५.५ मिलिमीटर आडवें आणि ३.२ मिलिमीटर खोल अशा ठिकाणीं सरळ रेषेंत जा, आणि मिनिटाला ३००० मिलिमीटर ह्या वेगानें जा. अशा हजारों ओळी एकापुढें एक ठेवल्या म्हणजे तबलीची कमान तयार होते. यंत्राला गिटार ठाऊक नसते, लांकूड ठाऊक नसतें, सूरहि ठाऊक नसतो. त्याला केवळ पुढचा बिंदु ठाऊक असतो.

म्हणून पहिलें काम मनुष्यानेंच करावयाचें. तें म्हणजे आकार ठरविणें. भूगोलाच्या नकाशांत डोंगराची उंची दाखविण्याकरितां समोच्चरेषा काढतात त्या विद्यार्थ्यांना माहीत आहेतच. तबली म्हणजे एक बुटका डोंगर असें समजावें. मध्यरेषेवरून लांबीची एक कमान आणि रुंदीवरून चार-पांच ठिकाणच्या आडव्या कमानी आंखल्या कीं संगणक त्यांना जोडून अखंड पृष्ठभाग तयार करतो. मोठ्या गिटारीची रुंदी सुमारें ४३० मिलिमीटर असते. कमान मध्यें चढत जाते, कांठाकडे उतरते, आणि कांठाच्या थोडें अलीकडे एक उथळ खळगा घेऊन पुन्हां किंचित् वर येते. हा खळगा शोभेचा नव्हे. तेथें तबली पातळ असते व बिजागरीप्रमाणें तिला हलण्यास मोकळीक मिळते. सर्वसाधारणपणें मध्यभागीं जाडी सुमारें ६ मिलिमीटर व ह्या खळग्यांत ३ ते ४ मिलिमीटर ठेवतात.

दुसरें काम लांकूड निवडण्याचें. तबलीस स्प्रूस हें सूचिपर्णी झाडाचें लांकूड घेतात, कारण तें वजनाच्या मानानें फार ताठ असतें. पाठीस व बाजूंस मेपलचें कठीण लांकूड घेतात. ओंडका गाभ्यापासून सालीकडे, पोळीच्या फोडीप्रमाणें पाचरीच्या आकारांत फाडतात, म्हणजे वर्षांची वलयें फळीस काटकोनांत उभीं राहतात. असें लांकूड ताठ असतें आणि दमट हवेनें कमी फुगतें. मग ती पाचर मधोमध चिरून पुस्तकाप्रमाणें उघडतात व जाड कडा एकमेकींस जोडतात. त्यामुळें डाव्या व उजव्या बाजूचे रेषे एकमेकांचें प्रतिबिंब दिसतात. ही सांध रंध्यानें इतकी नीट साधावी लागते कीं उजेडासमोर धरली असतां मधून किरण दिसूं नये. लांकूड पुरतें मुरलेलें असावें आणि काम ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या हवेंत व्हावें. पावसाळ्यांत मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते. तशा हवेंत जोडलेली तबली पुढें कोरड्या हवेंत आकसून फाटण्याचा धोका असतो.

आतां यंत्र चालूं करावयाचें. फळी टेबलास घट्ट धरण्याकरितां कडेच्या फुकट जाणाऱ्या भागांत स्क्रू मारतात किंवा खालून हवा शोषून ती चिकटवून धरतात. शिवाय दोन ठिकाणीं अचूक भोंकें पाडून त्यांत खुंट्या बसवितात, कारण वरची बाजू कोरून झाल्यावर फळी उलटी करून आंतली बाजू कोरावयाची असते. दोन्ही बाजूंचा मेळ अर्ध्या मिलिमीटरनें जरी चुकला, तरी कमानीच्या उतारावर एका अंगास तबली पातळ व दुसऱ्या अंगास जाड होते. प्रथम जाड पात्यानें भराभर लांकूड उडवून ओबडधोबड आकार काढतात व वर एक-दोन मिलिमीटर थर शिल्लक ठेवतात. त्यानंतर शहाणा कारागीर यंत्र थांबवितो आणि फळी कांहीं दिवस तशीच पडूं देतो. लांकडाच्या पोटांत ताण दडलेले असतात. वरचा थर निघाला कीं ते मोकळे होतात व फळी थोडी वांकते. जें वांकावयाचें तें आधींच वांकून घेतलें म्हणजे शेवटचें कोरीव काम टिकतें.

शेवटच्या हातास गोल टोंकाचें पातें लावतात. तें शेतांत नांगर चालावा तसें एकाशेजारीं एक तास घालीत जातें, आणि दोन तासांमध्यें बारीक वरंबा उरतो. ह्या वरंब्याची उंची किती असेल? दोन तासांमधील अंतराचा वर्ग करून त्यास पात्याच्या टोंकाच्या त्रिज्येच्या आठपटीनें भागावें. त्रिज्या ६ मिलिमीटर व अंतर ३ मिलिमीटर असेल तर ९ भागिले ४८, म्हणजे जवळजवळ ०.१९ मिलिमीटर, अंतर १ मिलिमीटर केलें तर १ भागिले ४८, म्हणजे अवघें ०.०२ मिलिमीटर. परंतु ह्या गुळगुळीतपणाची किंमत वेळांत द्यावी लागते. ५३० मिलिमीटर लांब व ४३० मिलिमीटर रुंद फळीवर एकेक मिलिमीटरच्या अंतरानें ४३० तास पडतात. पात्यास सुमारें २२८ मीटर चालावें लागतें, आणि मिनिटास ३ मीटर ह्या वेगानें त्यास ७६ मिनिटें लागतात. अंतर ३ मिलिमीटर ठेवलें तर २५ मिनिटांत काम होतें, पण वरंबे नऊपट उंच राहतात व ते हातानें खरवडून काढावे लागतात. वर्गमूळ व वर्ग यांचा व्यवहारांत उपयोग काय, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यानें हें उदाहरण अवश्य सोडवून पाहावें.

येथें एक इशारा दिला पाहिजे. यंत्र आज्ञाधारक आहे, परंतु त्याला विवेक नाहीं. हातानें काम करतांना पटाशी वांकडी गेली तर मनगटास लगेच कळतें. आंकड्यांतील दशांशचिन्ह एक घर सरकलें तर यंत्र पूर्ण निष्ठेनें तबलीच्या आरपार जातें. म्हणून जाणते लोक तीच आज्ञा प्रथम पातें हवेंत ठेवून चालवितात, नंतर हलक्या लांकडावर, आणि मगच चांगल्या स्प्रूसवर. डोळ्यांस चष्मा, कानांस झांकण व नाकास फडकें ह्यांवांचून यंत्राजवळ उभें राहूं नये. बारीक भुसा फुफ्फुसांस अपायकारक असतो. आणि पातें फिरत असतांना हात टेबलाकडे नेऊं नये.

येथपर्यंतचें काम आंकड्यांनीं झालें. ह्यापुढें आंकडे अपुरे पडूं लागतात. कारण, एकाच झाडाच्या दोन फळ्याहि सारख्या नसतात. एक ताठ, दुसरी लवचिक. एक जड, दुसरी हलकी. यंत्र दोन्हींस अगदीं सारखी जाडी देईल, पण सारख्या जाडीच्या दोन तबल्यांचा नाद सारखा निघणार नाहीं. शिवाय फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत बदलतो. ४ मिलिमीटरच्या जागीं ४.२ मिलिमीटर जाडी राहिली, तर जाडींत केवळ ५ टक्क्यांचा फरक. परंतु ताठपणा सुमारें १६ टक्क्यांनीं वाढतो. म्हणून विचारी कारागीर यंत्राकडून तबली पुरी करून घेत नाहीं. अर्धा-पाऊण मिलिमीटर आपल्या हातासाठीं राखून ठेवतो. मग तबली कांठाजवळ दोन बोटांत हलकेच धरून बोटाच्या पेरानें ठोकतो व ऐकतो, दोन्ही हातांनीं किंचित् वांकवून पाहतो, बोटाएवढ्या लहान रंध्यानें व पोलादी पातीनें आंतून थोडें खरवडतो, पुन्हां ठोकतो. आवाज प्रथम बोथट व तुटक असतो. हळूहळू तो मोकळा होतो व अधिक वेळ रेंगाळतो. कोठें थांबावयाचें हें कोणत्याहि आज्ञापत्रांत लिहिलेलें नसतें. काढलेलें लांकूड परत लावतां येत नाहीं.

महाराष्ट्रीय वाचकांस ह्याचें नवल वाटूं नये. मिरजेच्या सतारी व तंबोरे ह्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा झंकार मोकळा करतात. तेंहि काम असेंच कानानें होतें. साधनें निराळीं, वाद्यें निराळीं, पण कानाची शिस्त एकच.

तबलीच्या आंतून दोन लांब पट्ट्या सरसानें चिकटवितात. त्या तिला बळ देतात आणि कंपन दूरवर पोंचवितात. ह्या पट्ट्याहि यंत्रानें कमानीच्या मापाच्या कापतां येतात. परंतु तबली हातानें खरवडल्यामुळें तिचा आंतला आकार आतां संगणकांतील आकाराशीं तंतोतंत जुळत नाहीं. म्हणून तबलीस खडू चोळतात, पट्टी तिच्यावर दाबतात, आणि पट्टीला जेथें जेथें पांढरा डाग लागेल तेथें तेथें थोडें तासतात. सर्व पट्टीभर सारखा खडू लागला म्हणजे ती नीट बसली. बाजूंच्या पातळ पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर वांकवितात. घोडीच्या पायांखालीं कमानीवरच घासकागद पालथा घालून ते पाय घासतात, म्हणजे कोठेंहि फट राहत नाहीं. ह्या सर्व ठिकाणीं एक वस्तु दुसऱ्या प्रत्यक्ष वस्तूशीं जुळवावयाची असते, कागदावरील मापाशीं नव्हे; आणि तेथें हाताला पर्याय नाहीं.

ह्याच्या उलट, दांडीवरचे पडदे हें यंत्राचें हक्काचें काम. प्रत्येक पडद्यावर स्वर अर्ध्या पायरीनें चढावा ह्यासाठीं उरलेल्या तारेची लांबी दर वेळीं १७.८१७ ह्या संख्येनें भागावी लागते. तार ६३५ मिलिमीटर असेल तर पहिला पडदा ३५.६४ मिलिमीटरवर येतो, उरलेल्या ५९९.३६ मिलिमीटरला पुन्हां भागलें कीं दुसरा पडदा पहिल्यापासून ३३.६४ मिलिमीटरवर, आणि असें करीत बारावा पडदा बरोबर अर्ध्यावर, ३१७.५ मिलिमीटरवर येतो, जेथें स्वर सप्तकाच्या वरच्या जोडीदारास मिळतो. येथें लांकडाची जात पाहण्याचें कारण नाहीं. माप अचूक असलें कीं काम संपलें. मनुष्याचा हात दहाव्या खांचेपाशीं थकतो; यंत्र हजाराव्या खांचेपाशींहि पहिल्यासारखेंच असतें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. यंत्रानें कारागिराचा घांस हिरावून घेतला काय? डी-अँजेलिकोच्या वर्षाकांठच्या छत्तीस गिटारी आठवा. इतकीं थोडीं वाद्यें निघत म्हणून तीं महाग होतीं, आणि गरीब वादकाच्या वांट्यास पातळ पापुद्रे चिकटवून साच्यांत दाबलेली तबली येई. खरी कोरीव तबली आज त्याहून अधिक लोकांच्या आवाक्यांत आली आहे, आणि तिचें पुष्कळसें श्रेय ह्या यंत्रास दिलें पाहिजे. पाठीचा कणा मोडणारें, मनगट सुजविणारें काम त्यानें आपल्या अंगावर घेतलें. वृद्ध कारागिरास तर तें वरदानच होय.

परंतु ह्या हिशेबांत एक बाजू सहसा कोणी मांडीत नाहीं. जिम डी-अक्विस्टो हा तरुण १९५२ सालीं डी-अँजेलिकोच्या दुकानीं उमेदवार म्हणून राहिला. बारा वर्षें तो त्या गुरूच्या हाताखालीं होता, आणि १९६४ सालीं गुरु वारल्यावर त्यानेंच ती विद्या पुढें चालविली. कोणत्याहि कारखान्यांत उमेदवाराच्या वांट्यास प्रथम जाडेंभरडें कामच येतें. शेंकडों फळ्या तासतां तासतां त्याच्या मनगटास कळूं लागतें कीं, ही फळी ताठ आहे, ही नरम आहे, ह्या रेषेवर पटाशी अडते आणि ह्यावर सरकते. जें काम आपल्याला नुसते कष्ट वाटतात तीच त्याची शाळा असते. यंत्र तें जाडेंभरडें काम घेऊन जातें, तेव्हां नकळत ती शाळाहि घेऊन जातें. आजच्या निष्णात कारागिरास यंत्रापासून भय नाहीं, कारण त्याचा कान यंत्र येण्यापूर्वींच तयार झालेला आहे. भय आहे तें उद्यांच्या कारागिरास. त्याच्या हातीं पहिल्याच दिवशीं पाऊण पुरी झालेली तबली येईल, आणि जें शेवटचें अर्धा मिलिमीटर काम केवळ मनुष्यानेंच करावयाचें, तेंच करण्याचें शिक्षण त्याला कोठें मिळालेलें नसेल.

ह्यावर उपाय यंत्र मोडणें हा नव्हे. उपाय असा कीं, जें काम पूर्वीं पोटासाठीं करावें लागे तें आतां शिक्षणासाठीं मुद्दाम करावें. पुस्तकी हिशेब संगणक करूं लागला म्हणून पाढे पाठ करण्याचें आपण सोडलें नाहीं. पाढे येणाऱ्यालाच संगणकाचें उत्तर चुकलेलें ओळखतां येतें. त्याचप्रमाणें ज्याला वाद्यकार व्हावयाचें आहे त्यानें पहिल्या दोन-तीन तबल्या आरंभापासून शेवटपर्यंत हातानें कोराव्या, त्या बिघडल्या तरी चालेल; आणि मग यंत्राजवळ जावें. अशा मनुष्याच्या हातीं यंत्र हें उत्तम नोकर होतें. ज्यानें ही पायरी गाळली त्याच्या दुकानांत तें धनी होऊन बसतें.

पालकांसहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. मुलगा किंवा मुलगी हातांत करवत घेऊन बसली कीं अभ्यास बुडाला, असें पुष्कळ घरांत मानतात. परंतु वर पाहिलेल्या कामांत भूमिति आहे, वर्ग-घनांचें गणित आहे, ध्वनिशास्त्र आहे, वनस्पतिशास्त्र आहे, आणि संगणकाची भाषाहि आहे. हीं सर्व शास्त्रें एका फळीवर एकत्र येतात, आणि तेथें चुकीला गुण कापले जात नाहींत, तर लांकूडच वायां जातें. अशा कामांत जो रमला त्याचा अभ्यास बुडत नसून रुजत असतो. त्याच्या हातीं पटाशी द्यावी, आलेखाची वही द्यावी, आणि शक्य झाल्यास संगणकहि द्यावा. मात्र ह्याच क्रमानें द्यावा.